सहा माणसांचं गरम पाणी

बाळांनो,

तुमच्या घरी वरच्या मजल्यावर, जिन्याजवळ जे कपाट आहे, त्यात टॉवेल ठेवायला जागा नाही, कारण आत एक भलीमोठी टाकी उभी आहे. त्या टाकीबद्दल हे लिहिते आहे. थोरले, तू मला गेल्या महिन्यात आवाजी निरोप पाठवलास की तुझ्या मैत्रिणींपैकी कुणाकडे टाकीच नाही, कुणाकडे असली तरी लहानशी, आणि वर फळ्यांवर उबदार टॉवेल रचलेले असतात. मग आपल्याकडेच हे धूड का? बाबाला विचारलंस तर तो म्हणे, "ते आजी-आजोबांचं आहे," आणि भांडी घासायला लागला.

तो सांगणार नाही. तुमच्या बाबाला अशा गोष्टी सांगताना आवाज कसा ठेवावा ते कळत नाही, म्हणून तो भांडी घासतो. मी सांगते. आताच का, तर आजोबा दुपारी झोपतात तेवढा वेळ माझा असतो, आणि तो वेळही पूर्वीइतका भरवशाचा राहिलेला नाही. शिवाय मला सगळं अजून क्रमाने आठवतंय. मी शाळेपासून इंग्रजीत शिकले, नोकरीतही इंग्रजीतच लिहीत आले. सिंगापुरात रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत कर्जाची कागदपत्रं तपासायचं काम होतं माझं, तिथे मराठीचा काय संबंध? तरी हे मराठीत लिहिते आहे, कारण यातली सगळी बोलणी मराठीत झाली. ती इंग्रजीत केली तर त्यातले आजोबा कुणी भलतेच गृहस्थ वाटतील. तुमची आई वाचून दाखवेल. तिच्याबद्दल जे लिहिलंय तेही तिने गाळू नये.

तुम्ही सिंगापूर सोडून आयर्लंडला गेलात तेव्हा थोरली दुसरीत होती आणि धाकटा नुकता बोलायला लागला होता. गावाबाहेर घर घेतलंत. त्या घराचे फोटो बघून आजोबांनी पहिला प्रश्न विचारला होता, "तापवतात कशाने?" बाकी सगळे खिडक्या आणि बाग बघत होते. तेव्हा कळलं की तिकडे खेड्यात गॅसची पाइपलाइन नसते. अंगणात एक हिरवी प्लॅस्टिकची टाकी असते, त्यात टँकरवाला येऊन तेल भरून जातो, आणि शेडमध्ये त्या तेलावर चालणारा बॉयलर असतो. तो घरभर भिंतींना लावलेल्या रेडिएटरमधून गरम पाणी फिरवतो आणि आंघोळीचं पाणीही तापवतो.

आजोबांना हे विचारावंसं वाटलं, कारण त्यांचं अख्खं आयुष्य बॉयलरमध्ये गेलं. पुण्याहून आम्ही इथे सिंगापूरला आलो ते त्यांच्या नोकरीसाठी. जुरोंगमध्ये खाण्याच्या वस्तूंचा एक कारखाना होता, तिथल्या वाफेच्या बॉयलरची जबाबदारी त्यांच्याकडे होती. तेलावरचेच बॉयलर ते, पण खोलीएवढे. घरी आले की कपड्यांना तेलाचा वास यायचा, तो धुतला तरी जायचा नाही. मी सकाळी इस्त्रीची साडी नेसून बँकेत जायची आणि संध्याकाळी त्या वासाचे शर्ट वेगळे भिजवायची. असं आमचं चाललं.

तुम्ही गेल्यानंतरच्या वर्षी आजोबांना पहिला झटका आला. उजवा हात अशक्त झाला आणि शब्द उशिरा यायला लागले. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. खरंच होतं ते. पण त्यानंतर घरातलं सगळं माझ्याकडे आलं. गोळ्या, बँक, फ्लॅटच्या रंगाचा माणूस, टीव्हीचा रिमोटसुद्धा. त्यांना काही विचारायचं म्हणजे उत्तराची वाट बघावी लागे, आणि वाट बघण्यापेक्षा स्वतः करून टाकणं सोपं होतं. लोकही तसेच. डॉक्टर त्यांच्यासमोर मला विचारायचे, "हे जेवतात का नीट?"

एक गोष्ट मात्र माझ्याकडे असूनही मी करून टाकत नव्हते. तुमच्या घरात स्वयंपाकघराला लागून खाली एक खोली आहे. घर घेतलं तेव्हाच तुमचा बाबा म्हणाला होता, ही तुमची दोघांची. कागदपत्रांचं जमेल, मी सगळं बघतो, तुम्ही फक्त या. दर फोनला तो "या" म्हणायचा. आजोबा "येऊ" म्हणायचे. मी "बघू" म्हणायची. त्या "बघू"वर आम्ही बराच काळ काढला.

मग ऑक्टोबर आला आणि तुमचा बॉयलर बंद पडला.

त्या दिवशीचा फोन मला स्पष्ट आठवतो. तुम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी जाकिटं आणि लोकरीच्या टोप्या घालून बसला होता आणि धाकटा हातमोज्यांनी पोळी खायचा प्रयत्न करत होता.

"बाबा, बॉयलर गेला," तुमचा बाबा म्हणाला.

आजोबा खुर्चीत पुढे सरकले. "गेला म्हणजे?"

"माणूस येऊन बघून गेला. आतून गळतोय म्हणाला. दुरुस्तीत अर्थ नाही."

"आतून म्हणजे कुठून? पाणी बर्नरखाली साठतंय की मागे?"

"मला काय माहीत बाबा, मी काय बॉयलरवाला आहे?"

"नाहीस. आयटीवाला आहेस." शब्द सावकाश आले, पण आले. "बंद करून परत चालू करून बघितलंस का?"

सगळे हसलो. झटक्यानंतर त्यांनी केलेली ती पहिली थट्टा होती.

"इंधन कुठलं?" त्यांनी विचारलं.

"केरोसीन."

"रॉकेल?" ते माझ्याकडे वळले. "ऐकलंस का गं? यांचं अख्खं घर रॉकेलवर चालतं. आणि आपल्याला वाटलं, पोरगं पुढे गेलं."

बाबाने सांगितलं की दोन बॉयलरची कोटेशनं आली आहेत आणि शुक्रवारपर्यंत कुठला ते ठरवायचं आहे. नाही ठरवलं तर तो माणूस दुसऱ्या कामांत अडकेल आणि घर महिनाभर थंड राहील. "तुम्ही बघा आणि सांगा बाबा. तुम्ही सांगाल तो घेतो."

आजोबांनी चष्मा मागितला. माझ्याकडे नाही मागितला, स्वतः उठून आणला. मग त्यांनी विचारलं, "सकाळी घरात आंघोळी किती?"

"चार."

"सहा धर."

बाबाने स्क्रीनवरून माझ्याकडे बघितलं. मी कुकरकडे बघितलं, तो गॅसवर चढवलेलासुद्धा नव्हता.

"सहा कशा?" मी म्हटलं.

"आपण दोघं नाही का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीप्रमाणे आमच्या बेडोकच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, गेलो. त्यांची बिनसाखरेची काळी कॉफी, माझा चहा, दोघांत एक टोस्ट. तिथे त्यांनी मला ते दोन बॉयलर समजावून सांगितले, टेबलावरच्या वस्तू मांडून.

"ही बशी म्हणजे कॉम्बी," ते म्हणाले. "नळ उघडला की पेटतो, बंद केला की थांबतो. पाणी साठवत नाही. लहान, सुटसुटीत, तेल कमी खातो. पण वर एक जण आंघोळीला आणि खाली एक जण भांडी घासायला, की वरच्याची बोंबाबोंब."

"आणि दुसरा?"

त्यांनी माझा चहाचा कप उचलून मध्ये ठेवला. "दुसऱ्याबरोबर टाकी येते. पाणी तापून तयार असतं. बंबच म्हण ना. सहा जण पाठोपाठ गेले तरी तक्रार नाही."

"चार जण."

"सहा."

"अहो, आपण इथे आहोत. बेडोकात. ही तुमची कॉफी आहे."

"आज आहोत."

"तिथे जाऊन तुम्ही करणार काय दिवसभर?"

"पोरांना शाळेत सोडीन."

"कशाने? शाळा लांब आहे, गाडी लागते. इथे रस्ता ओलांडताना मी हात धरते तुमचा."

ते टोस्टचे डाव्या हाताने बारीक बारीक तुकडे करत बसले. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या चिनी बाईने आमच्याकडे बघून मान हलवली. तिला भाषा कळली नव्हती, बाकी सगळं कळलं असावं.

माझं म्हणणं काय होतं ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तेव्हा तुम्ही लहान होता आणि तुम्हाला वाटलं असेल की आजीला तुमच्याकडे यायचं नव्हतं. तुमच्याकडे यायचं होतं. घर बदलायचं नव्हतं. लग्नानंतर पुण्यात एक घर मांडलं, इथे येऊन भाड्याच्या फ्लॅटमध्ये दुसरं, मग हे तिसरं. प्रत्येक वेळी डाळ कुठे मिळते इथपासून सुरुवात. या वयात इथे मला काय मिळालं होतं ते मोजून बघा: लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबते, दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर, भाजी खाली, आणि कधी फार कंटाळा आला तर बसचं कार्ड घेऊन मी एकटी समुद्रापर्यंत जाऊन येऊ शकते. तुमच्याकडे मला दुधाच्या पिशवीसाठीसुद्धा कुणाच्या तरी गाडीची वाट बघावी लागली असती. आणि आजोबा खिडकीशी बसून तुमची शाळा सुटायची वाट बघत बसले असते, आणि मी त्यांच्याकडे बघत. दोन वाट बघणारी म्हातारी माणसं आणि बाहेर चार वाजता अंधार. मला दमायला होत होतं ते नुसतं मनात आणून.

आजोबांना हे सांगायचं तर त्यांच्या तब्येतीबद्दल बोलावं लागलं असतं. ते मला नको होतं. म्हणून मी आंघोळीच्या पाण्याबद्दल बोलले.

शुक्रवारच्या आदल्या रात्री उशिरा पुन्हा फोन झाला. आजोबांनी तयारी केली होती. बॉयलर कुठे बसवायचा, धूर कुठून बाहेर काढायचा, बॉयलरमधून जे पाणी थेंब थेंब बाहेर पडतं त्याचा पाइप उघड्यावरून नेऊ नका, थंडीत गोठेल, हे सगळं त्यांनी एकेक शब्द शोधत सांगितलं, आणि तुमच्या बाबाने मध्ये एकदाही घाई केली नाही. शेवटी ते म्हणाले, "टाकीवालाच घे. सहा माणसं सकाळी पाठोपाठ आंघोळ करणार. कॉम्बीचं काम नाही ते."

तेव्हा मी मध्ये बोलले. मी म्हटलं, आम्ही दोघं शॉवरखाली कधीच उभे राहत नाही. बादली आणि तांब्या. इथे राहून एवढी वर्षं झाली, तरी बाथरूममध्ये आमची बादली आहेच. बादलीला पाणी लागतं ते किती? थोरली शॉवरखाली उभी राहते तेवढ्यात आमच्या दोघांच्या बादल्या भरून वर चार उरतील. आणि बादली आधी भरून ठेवता येते, तेव्हा दोन नळ एकदम चालू राहायचा प्रश्नच नाही. सहा माणसं असली तरी कॉम्बी पुरतो. टाकी लागतच नाही.

मुद्दा चोख होता. बँकेत अशा मुद्द्यांवर मी भल्याभल्यांच्या फाइली परत पाठवल्या आहेत.

"आई, तू तर इंजिनीअर निघालीस!" तुमचा बाबा हसत म्हणाला.

"आजी, आमच्याकडे बकेटच नाहीये, ला," थोरली मागून ओरडली. सिंगापूरचं हे "ला" तू अजून सोडलं नव्हतंस, मला चिडवायला खास वापरायचीस.

"आणते येताना," मी म्हणून गेले.

आजोबा हसले नाहीत. "बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "कॉम्बी पुरेल." आणि फोन माझ्या हातात देऊन आत गेले.

आमच्या सगळ्या संसारात तुमच्या आजोबांनी माझं म्हणणं इतक्या चटकन कधी मान्य केलेलं नाही. पंख्याचा वेग किती ठेवायचा यावरही ते अर्धा तास वाद घालत. त्या रात्री पंख्याबद्दलही काही बोलले नाहीत.

शुक्रवारी सकाळी मी दवाखान्यात त्यांच्या गोळ्यांसाठी रांगेत बसले होते, तेव्हा तुमच्या आईचा फोन आला. तिच्याकडे तेव्हा पहाट असणार.

"आई, टाकीचं नाही विचारत," ती म्हणाली. "खोलीचं विचारते. खालच्या खोलीत रेडिएटर नाहीये. प्लंबर म्हणतो, पाइप काढायचा तर आत्ताच काढू, नंतर परत सगळी जमीन उकरावी लागेल."

"बघू या की—"

"नाही आई. तुम्ही येणार असाल तर मला खरंच आवडेल. नसाल येणार तर तेही चालेल, मी रागावणार नाही. पण बघू म्हणू नका. माझ्याकडे बघूवाला प्लंबर नाही."

माझा नंबर स्क्रीनवर लागला होता. मी उठले नाही. पुढचा नंबर लागला.

मी म्हटलं, "नको काढू पाइप."

"बरं," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "बाबांना तुम्ही सांगणार की यांनी सांगायचं?"

"मी सांगते. आणि आज बॉयलरचं काही कळवू नका त्या माणसाला. उद्यापर्यंत थांबवून धर. पोरांना आणखी एक दिवस टोप्या घाल."

तुमची आई मला कधी उलटून बोलली नाही, पण तिने मला त्या दिवशी जेवढं सरळ विचारलं तेवढं माझ्या मुलाने कधी विचारलं नाही. हे मी तिला सांगितलेलं नाही. आता ती वाचेलच.

दुपारी मी आजोबांना घेऊन पासिर रिसच्या समुद्रावर गेले. तिथे बागेत झाडांखाली बाक आहेत आणि समोर लांब जहाजं उभी असतात. त्यांना ती बघायला आवडायची. कुठल्या जहाजाच्या धुराड्यातून काळा धूर येतोय आणि कुठल्या बॉयलरवाल्याला कामावरून काढायला पाहिजे, हे ते मला नेहमी सांगायचे.

मी म्हटलं, "सकाळी सूनबाईचा फोन होता. खालच्या खोलीला रेडिएटर लावायचा का विचारत होती. मी नको म्हटलं."

त्यांनी डाव्या हाताने चष्मा काढून शर्टाला पुसला.

"आपण नाही जायचं तिकडे राहायला," मी म्हटलं. "मला झेपणार नाही. तुमच्यामुळे नाही म्हणत. मीच दमलेय."

"माहीत होतं," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तू बादल्या मोजायला लागलीस तेव्हाच."

एक कुटुंब सायकलींवरून आमच्या समोरून गेलं, शेवटच्या मुलाची घंटा वाजत राहिली.

"राग आलाय?" मी विचारलं.

"आलाय. पण आता रागवायचं म्हटलं तरी दम लागतो." मग ते म्हणाले, "मी तिथे जाऊन खिडकीत बसलो असतो. ते मलाही कळतं. पण पोरांच्या आवाजात बसलो असतो."

तुमचा आवाज मला फोनमधून येतो, त्यात तुम्ही भांडता, जिन्यावरून धावता, हाक मारता, आणि मग आईने फोन ठेवला की आमच्या फ्लॅटमध्ये फ्रिजचा आवाज राहतो. मी हे तेव्हाही जाणून होते आणि तरी नको म्हटलं होतं.

"मग कॉम्बी सांगू का त्याला?" मी विचारलं. "तुम्हीच म्हणालात पुरेल."

"नाही. टाकीवालाच."

"चार माणसांना? आता तर आपण जातही नाही!"

"बॉयलर कधी आजच्या लोडवर घेत नसतात," ते म्हणाले, आणि हे वाक्य त्यांना जराही न अडखळता आलं, कारण नोकरीत ते कितीदा म्हटलं असेल. "पोरं मोठी होतील, तासतासभर शॉवरखाली उभी राहतील. सूनबाईची आई राहायला जाईल, वडील जातील. तुझ्या बहिणीची मुलं फिरायला जातील. मी जाणार नाही म्हणून कुणीच जाऊ नये का?"

"हिशोबाने कॉम्बी बसतो हो."

"बसतो. मला कुणी हिशोब नव्हता विचारला. कुठला घेऊ, असं विचारलं होतं."

घरी येऊन त्यांनी स्वतः फोन लावला. मला लावू दिला नाही. तुमच्या बाबाला त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, आम्ही येत नाही. दुसरी, टाकीवाला बॉयलर घे.

"बाबा, येत नाही म्हणजे…" तुमचा बाबा म्हणाला. त्याचा चेहरा मी बघितला नाही, मी मुद्दाम स्क्रीनच्या मागे उभी होते.

"येत नाही म्हणजे येत नाही. तुझी आई दमली आहे. मीही."

"पण मग टाकी कशाला? प्लंबर स्वतः म्हणतोय की चौघांना—"

"तू मला विचारलंस ना?"

"हो."

"मग?"

तुमच्या बाबाने टाकीवाला घेतला. तुमच्या आईला त्या कपाटात फळ्या हव्या होत्या, टॉवेलांसाठी आणि चादरींसाठी. तिने ते मला आजतागायत बोलून दाखवलेलं नाही. म्हणून तुमचे टॉवेल जिन्याच्या कठड्यावर असतात.

आता खरं ते लिहिते, कारण आजोबांची निवड बरोबर ठरली असं लिहिलं तर ते खोटं होईल. दर वर्षी बॉयलर तपासायला जो माणूस येतो, तो दर वर्षी म्हणतो की या घराला हा मोठा आहे. तेल जास्त जातं. कुणी आंघोळ केली नाही तरी टाकीतलं पाणी तापतं आणि थंड होतं आणि पुन्हा तापतं. तुमच्या आईची आई दोनदा येऊन गेली, माझ्या बहिणीकडचं कुणी अजून आलेलं नाही. माझं मत विचाराल तर कॉम्बीच घ्यायला हवा होता. आजोबांना हे मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "मोठा आहे खरा." एवढंच.

खालच्या खोलीत सायकली आहेत, आणि थंडीत तिथे कुणी जात नाही, हे थोरलीनेच मला सांगितलं.

मागच्या वर्षी आजोबांना दुसरा झटका आला, तो तुम्हाला माहीत आहे. आता विमानाने एवढ्या लांब जाण्याचा प्रश्न डॉक्टरांनीच निकालात काढला आहे. तेव्हा नको म्हटलं ते बरोबर केलं की चुकलं, याचा विचार मी रोज करत नाही. रोजची इतर कामं पुष्कळ असतात. सकाळी त्यांची दाढी, मग गोळ्या, मग त्यांना धरून लिफ्टपर्यंत आणि परत. मदतनीस ठेवा म्हणून तुमचा बाबा मागे लागला आहे. त्यालाही मी बघू म्हटलं आहे. सवय जात नाही.

त्यांचं काय काय गेलं ते तुमचा बाबा तुम्हाला नीट सांगत नाही, म्हणून मी सांगते. लिफ्टमध्ये आमच्या मजल्याचं बटण त्यांना आठवत नाही. वार आठवत नाही. जेवण झालं का ते मला विचारून घेतात. धाकट्याला ते कधी कधी तुमच्या बाबाच्या नावाने हाक मारतात, तेव्हा धाकट्या, तू नुसतं "हो" म्हणतोस, ते फार चांगलं करतोस.

रविवारी तुमचा बाबा फोन हातात घेऊन शेडमध्ये जातो आणि बॉयलरसमोर धरतो, ते तुम्ही बघितलं असेल. तुम्हाला तो खेळ वाटतो. इकडे आजोबा फोन कानाला लावून डोळे मिटून बसतात. मग म्हणतात, "ठीक." एकदा "नॉझल" म्हणाले, माणूस बोलावला, तर बर्नरची तेल फवारणारी नॉझल खरोखरच चोंदली होती. एकदा असंच म्हणाले तेव्हा काहीच निघालं नाही आणि त्या माणसाला फुकट फेरी पडली. पण बहुतेक वेळा बरोबर असतात. बर्नर नीट पेटलाय की नाही, ते त्यांना आवाजावरून अजून कळतं, आणि तुमचा बाबा अजून त्यांना विचारतो.